चौथा स्क्रू

आक्का, मी रडत लिहीत नाही, चिडून लिहितोय. हे आधीच सांगतो, म्हणजे मागाहून "दिन्या, असं कसं बोललास" म्हणायला नको. तुला जाऊन आज आठ दिवस झाले. दारात येणारा जो तो मला सांगतो, "बहीण कसली, आईच होती तुम्हाला." व्हय, होतीस. मी दोन वर्षांचा असताना आई गेली आणि तेरा वर्षांच्या पोरीच्या कमरेवर मी बसलो, ते तू लग्न होऊन गडमुडशिंगीला आलीस तरी उतरलो नाही. दाजींनी बायकोबरोबर मेव्हणाही घरात घेतला. हे सगळं मला मान्य आहे. पण माझ्या सदऱ्याच्या खिशात कागदाच्या पुडीत तीन स्क्रू आहेत. आगकाडीच्या जाडीचे, बोटाच्या पेराहून आखूड, वर मोहरीएवढं गोल डोकं. त्यांचं काय ते बोल.

पाच वर्षं ते तुझ्या खालच्या जबड्यात होते. तुझ्या लेकाला, तानाजीला माहीत होतं. सुनेला, सुरेखाला माहीत होतं. शेजारपाजारच्या बायांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या मला, आणि मी म्हणे तुझा दात करणारा भाऊ.

तू सगळ्यांना तेच सांगायचीस, "माझा भाऊ दात करतो." ऐकणाऱ्याला वाटायचं डॉक्टर आहे. मी कसला डॉक्टर! डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माप माझ्या राजारामपुरीतल्या लॅबवर येतं, आणि त्याच्यावर मेण लावून, दात मांडून, कवळी शिजवून, घासून मी परत पाठवतो. बत्तीस वर्षं हेच चाललंय. पेशंटचं तोंड मला कधी दिसत नाही, नुसता त्याच्या हिरड्यांचा प्लॅस्टरचा साचा दिसतो. रस्त्यात गाठून कुणी म्हणत नाही, की तुम्ही केलेल्या दातांनी मी जेवतो बरं का. ते म्हणणारी तू एकटी होतीस. लग्नकार्यात, एस्टीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, कुठंही. त्यानंच माझं डोकं बिघडवलं असणार.

दात तू मिश्रीपायी घालवलेस. हे भांडण आपलं मिटलेलं नाही आणि तू मेलीस म्हणून मी ते सोडणार नाही. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड, उठल्यावर एकदा, दुपारी एकदा आणि धार काढायला बसताना एकदा. मी ओरडायचो. तू म्हणायचीस, "त्याबिगर डोस्कं चालत न्हाय रं." हिरड्या सुजल्या, रक्त यायला लागलं, दात एकेक करून हलायला लागले. हलणारा दात तू दोरा बांधून स्वतःच उपटायचीस आणि लहान पोरांसारखा गोठ्याच्या छपरावर फेकून द्यायचीस, वर म्हणायचीस, "नवा ये रं बाबा." साठीला आलीस तेव्हा सात राहिले होते, तेही, ज्यांच्याकडून मला काम येतं त्या डॉक्टरीणबाईंनी काढून टाकले. दात घालवून बसलीस, मिश्री काही सोडली नाहीस. नुसत्या हिरड्यांना लावायचीस.

मग मी तुझी कवळी केली. अकरा वर्षं झाली त्याला. आक्का, तसं काम मी आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. तुझ्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट होती. त्या फटीतून तू शिट्टी घालायचीस आणि ओढ्यापलीकडच्या म्हशी माना वर करायच्या. कंपनीचे दात येतात ते सगळे सरळ, शाळेत कवायतीला उभे केल्यासारखे. मी ते कडेनं घासले, थोडे तिरके लावले आणि मधोमध फट ठेवली. तुझा फोटो समोर ठेवला नव्हता, लागलाच नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिनकरराव, फट कशाला? पेशंट भांडतात." म्हटलं, ही पेशंट भांडणार नाही. खालच्या कवळीत आतून, जिभेच्या बाजूला, कागदाच्या बारीक पट्टीवर 'आक्का' लिहून ती पट्टी मी कवळीच्या गुलाबी मसाल्यात पुरली. वरून दिसते पण निघत नाही. कवळी बसवून तू आरशात बघितलंस आणि म्हणालीस, "अगं बया, ही तर मीच की!" मग दवाखान्यात सगळ्यांदेखत शिट्टी घातलीस. डॉक्टरीणबाई दचकल्या. त्या दिवशी घरी जाताना मी मोटरसायकल चालवत होतो का उडवत होतो, मला आठवत नाही.

आता धंद्यातली गोष्ट. वरची कवळी टाळूला चिकटून बसते. खालचीला धरायला काही नसतं, मध्ये जीभ वळवळत असते. ती हिरडीच्या उंचवट्यावर नुसती टेकलेली असते, आणि दात गेले की त्या हिरडीखालचं हाड वर्षावर्षाला झिजत जातं. कवळी आहे तशीच राहते, तोंड बदलतं. त्यात कुणाची चूक नसते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, बत्तीस वर्षांत दर आठवड्याला बघितलंय. पण डॉक्टरकडून कवळी परत आली आणि चिठ्ठीवर 'सैल आहे' लिहिलेलं असलं, की माझं एकच उत्तर असायचं, "पेशंटला सवय नाही." सैल हा शब्द मी माझ्या कामाबद्दल कधी तोंडातून काढला नाही. लॅबमधल्या पोरींनाही काढू दिला नाही.

सहा वर्षांमागं तुमच्या गल्लीत साखरपुडा होता. मी तुझ्यासमोरच्या पंगतीत बसलो होतो. कुणी काय बोललं देव जाणे, तू मान मागं टाकून खदाखदा हसलीस, तुझ्या नेहमीच्या पद्धतीनं, आणि खालची कवळी उडाली ती समोरच्या बाईच्या ताटात, जिलबीवर. पंगत हसली. बाया हसल्या, पोरं हसली, वाढणारा बादली खाली ठेवून हसला. तू पदर तोंडावर दाबून ती उचललीस आणि मोरीकडं गेलीस. मी अर्ध्या ताटावरून उठलो. तुला वाटलं, भावाला माझं वाईट वाटलं. खरं सांगतो, तुझं वाईट वगैरे काही वाटलं नव्हतं. मला माझी लाज वाटली, कारण निम्म्या पंगतीला ठाऊक होतं कवळी कुणी केलीय ते. तूच सांगून ठेवलं होतंस.

दोन दिवसांनी तू एस्टीनं लॅबवर आलीस. तोंडावर पदर. एवढी वर्षं तू आलीस की आधी आवाज यायचा, मग तू. त्या दिवशी तू आलीस हे मला कुणीतरी सांगावं लागलं.

"दिन्या, रागवू नगंस," म्हणालीस. "डॉक्टरीणबाईकडं गेलतो. त्या म्हणत्यात, खालच्या हाडात चार बारीक स्क्रू घालून मिळत्यात. येका बैठकीत हुतंय. हीच कवळी त्याच्यावर बटणावानी बसती. हलत न्हाय म्हणं."

मी मशीन बंद केली. "माझ्या कवळीला खिळं ठोकून घेणार?"

"तसं न्हवं रं."

"मग कसं? लोक काय म्हणतील? भावाच्या हातात कसब न्हाय, म्हणून बहिणीनं जबड्यात खिळं मारून घेतलं? पासष्ट वर्षांची झालीस, शुगर हाय तुला. हाडात भोकं पाडून घ्यायची हौस आलीया. असं काय खायाचं राहिलंय तुझं?"

तू म्हणालीस, "कणीस. भाजल्यालं कणीस खाऊन तीन वर्सं झाली."

तीन वर्षं. म्हणजे कवळी तीन वर्षं हलत होती आणि तू गावभर "माझा भाऊ दात करतो" सांगत फिरत होतीस. हा हिशोब मला आज लागतो. त्या दिवशी मी काय म्हणालो ते तुलाही आठवत असेल, मलाही आठवतंय. लॅबमधल्या दोन पोरींच्या देखत म्हणालो, "कवळीत खोट न्हाय, आक्का. तुझ्या हसण्यात खोट हाय. जबडा उघडा टाकून हसतीस. जरा कमी हस."

तू "बरं" म्हणालीस. चहा मागवला होता तो प्यालीस. बशीत ओतून, तोंड भिंतीकडं करून.

आणखी एक सांगतो, म्हणजे माझं पाप पुरं होईल. त्याच आठवड्यात मी एका पेशंटच्या कवळीत तसल्याच चार टोप्या बसवून दिल्या होत्या. स्क्रूचं गोल डोकं त्या टोपीत जातं, आत रबराची रिंग असते, टक् आवाज येतो आणि कवळी घट्ट बसते. उत्तम काम आहे, कुणीही विचारलं तर मी करून घ्या म्हणून सांगत होतो. तुला तेवढं नाही म्हणालो.

त्यानंतरचे रविवार आठव. दर रविवारी मी गडमुडशिंगीला यायचो. सुरेखा तुला दुधात भाकरी कुस्करून द्यायची, नाहीतर आमटीत भिजवून. तू हळूहळू खायचीस. हसलीस तर ओठ मिटून, खांदे तेवढे हलायचे. मी विचारायचो, "कवळी कशी हाय?" तू म्हणायचीस, "झक्कास. जरासुदिक हलत न्हाय." मला वाटायचं, बघा, लागली का नाही सवय. मी म्हणायचो, "काढ बघू, जरा घासून देतो." "असू दे की. चांगली बसलीया, कशाला उचकटतोस?" दर वेळी हेच. तू खोटं बोलत नव्हतीस, आक्का, हेच तर मला खातंय. हलत नव्हतीच ती. मी विचारत होतो एक आणि तू खरं सांगत होतीस दुसरंच.

आणि मी काय करत होतो? मिरवत होतो. ज्या डॉक्टरीणबाईंनी तुला स्क्रू घातले, त्यांच्याच दवाखान्यात, त्यांच्याच टेबलासमोर उभा राहून मी म्हणालोय, "मॅडम, माझ्या बहिणीची खालची कवळी बघा, दहा वर्षं झाली, हाडावर नुसती टेकलीय पण हलायचं नाव नाही. हाताचा गुण असतो." त्यांनी मान हलवली. "असतो," म्हणाल्या. तू त्यांना शपथ घातली होतीस म्हणे. त्या बाईनं पाच वर्षं मला काम देत राहावं, माझ्या बढाया ऐकाव्यात आणि तोंडातून ब्र काढू नये, असली माणसं तू जमवतेस कुठनं?

तू गेलीस त्या दिवशी मी पोचलो तोवर तुला अंघोळ घालून बाहेर आणलं होतं. गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली. तू तू दिसतच नव्हतीस. मी सुरेखाला विचारलं, "कवळी कुठाय?" ती म्हणाली, "काढून ठेवलीया, मामा." मी म्हटलं, आण, मी बसवतो, तोंड बसलंय तिचं, लोक बघायला आलेत. एवढं तरी मला येतं की, आक्का. आयुष्यभर मी दुसऱ्यांची तोंडं भरली, तुझं एकदा शेवटचं भरून दिलं असतं. तर तानाजी मध्ये आला. "नगं मामा, आता नगं. हात लावू नगा." मी भडकलो. मला वाटलं, ह्यांना माझ्या कामाची किंमत नाही. तुझ्या तोंडात काय आहे ते मला दिसू नये म्हणून ती दोघं उभी राहिली होती, हे मला काय ठाऊक! शेजारची एक बाई रडत म्हणत होती, "काय हसायची ओ म्हातारी, गल्लीच्या टोकाला ऐकू यायचं." मला वाटलं, ती जुन्या दिवसांचं बोलतीय.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. शेणी-गोवऱ्यांच्या चितेची राख भरून घेतली, अस्थी वेचल्या, जागा धुतली. मग पान वाढलं कावळ्यासाठी. मी घरून डबा आणला होता. दूधभाकरी, बायकोकडून मुद्दाम बारीक कुस्करून घेतलेली. डबा उघडून पुढं झालो तर पानावर काय? भाजलेलं कणीस. भाजक्या शेंगा. उसाची सोललेली कांडी. मटणाची नळी. आदल्या दिवशीची कडक भाकरी. माझं टाळकंच सरकलं. पन्नास-साठ माणूस उभं होतं, पण मी थांबलो नाही.

"जिती असताना ह्यातलं काय दिलंत तिला?" मी सुरेखाला म्हणालो. "रोज दुधात भाकरी कुस्करून घातलीत, आन् आता कावळ्याला कणीस? कुणाला दावायला?"

तुला ती आत्ती म्हणायची, तुमच्याकडं सासूला म्हणतात तसं. खाली बघत म्हणाली, "मामा, आत्ती खात हुत्या."

"काय खात हुती?"

"समदं खात हुत्या. तुमी आल्यावर तेवढं न्हाय."

मग तिनं पदराची गाठ सोडली. अस्थी वेचताना तिनं बाजूला काढून ठेवले होते. आगीनं निळसर काळे झालेले, पण आकार जसाच्या तसा. माझ्या तळहातावर ठेवले. "तीन घावलं," म्हणाली. "चौथा घावला न्हाय."

मला कुणी ओळख सांगावी लागली नाही. ते गोल डोकं मी हजारदा बघितलंय.

आक्का, त्या वेळी मी तुला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. कावळा येत नव्हता, आणि एकेक जण पुढं होऊन तुला शब्द देत होता. तानाजी म्हणाला, "आई, म्हशी विकत न्हाय, सुखानं जा." कावळा नाही. कुणी म्हणालं, नातीचं शिक्षण पुरं करतो म्हण. तेही म्हणून झालं. कावळे झाडावर बसून बघत होते, खाली एक येईना. मग कुणीतरी म्हणालं, "भावात जीव अडकला असंल. मामा, तुमी बोला." सगळी माझ्याकडं बघायला लागली. आणि मी काय करत होतो? राखेच्या पोत्याचं तोंड सोडून, गुडघ्यावर बसून, दोन्ही हातांनी राख चाळत चौथा स्क्रू शोधत होतो. बोलवेना म्हणून. तो घावल्याशिवाय उठणार नाही म्हणून बसलो. हात कोपरापर्यंत पांढरे झाले. एक म्हातारा जवळ आला आणि म्हणाला, "पावणं, जरा बाजूला व्हता का? माणूस हलतंय म्हणून कावळा बसंना."

मी उठलो. स्मशानाच्या फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. चप्पल घातली नाही तोवर आतून गलका झाला, "शिवला, शिवला!"

मी विचारलं, कशाला शिवला? कणसाला, म्हणाले. चोचीनं दोन दाणे काढून घेऊन गेला.

म्हणजे मेल्यावरसुद्धा तू मी उठून गेल्यावरच खाल्लंस.

दुपारी तुझ्या घरी सुरेखानं मला कवळी दिली. स्टीलच्या डबीत, पाण्यात ठेवलेली. वाळू देत नव्हतीस तू, मी सांगितलं होतं तसंच. मी खालची उलटी केली. चार टोप्या, आत चार रबरं, रबरं नवी होती. गेल्या महिन्यातच बदलून आणली होती म्हणे. मग तिनं सगळं सांगितलं. माझ्याकडून "कमी हस" ऐकून गेल्यावर तू आठ-नऊ महिने घराबाहेर पडली नव्हतीस. डेअरीत दूध घालायला सुद्धा सुनेला पाठवायचीस. शेवटी तानाजीनंच जबरदस्तीनं गाडीवर घातलं तुला. स्क्रू बसवले, जखम भरली, आणि डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली त्या दिवशी तू परत येताना गाडी थांबवून कणीस घेतलंस. रस्त्याकडेला उभं राहून खाल्लंस. एक संपवलंस आणि दुसरं घेतलंस. "आनी डोळ्यातनं पाणी गळत हुतं मामा," सुरेखा म्हणाली, "आमाला वाटलं तिखट लागलं."

माझी मोटरसायकल गल्लीत वाजली की घरातलं कणीस पदराखाली जायचं, शेंगांची टरफलं कोपऱ्यात सरायची, आणि ताटात दूधभाकरी यायची. अशी पाच वर्षं. कुणी हसलं तर तू दटावायचीस म्हणे, "त्येला कळलं तर त्येचा जीव तुटंल."

जीव तुटंल! काय समजत होतीस गं मला? काय माणूस समजत होतीस? तू एवढं कणीस खाल्लंस हे मला कळलं असतं तर मी मेलो असतो का? मला वाईट वाटलं असतं, दोन दिवस मी तोंड फुगवून बसलो असतो, तिसऱ्या दिवशी आलो असतो. भाऊ होतो मी तुझा. मला एक संधी द्यायची होतीस लहान होण्याची. ती दिली नाहीस. त्याऐवजी साऱ्या गावाला माझ्यासाठी नाटक करायला लावलंस आणि मला त्यातला मूर्ख करून ठेवलंस. आता मी तुझ्या गल्लीत येऊ कसा? ज्या बाईच्या तोंडाकडं बघावं, ती मनात म्हणत असणार, आला बघ दात करणारा.

आणि मग माझं मलाच उत्तर मिळतं. तुला माझी पारख बरोबर होती. तोंड फुगवून बसलो असतो ते दोन दिवस नव्हे, दोन वर्षं. डॉक्टरीणबाईंचं काम सोडलं असतं. भाऊबीजेला आलो नसतो. तू मला कमरेवर वाढवलंयस, मी कुठं किती हट्ट धरतो ते तुला ठाऊक नसणार तर कुणाला? म्हणून तर राग येतोय. खोटं ठरवता आलं असतं तर राग गेला असता.

एक गोष्ट सुरेखानं सगळ्यात शेवटी सांगितली, निघताना, दारात. डॉक्टरीणबाई तुला म्हणाल्या होत्या, "आजी, एवढं करतोच आहोत तर कवळी नवीन करू. ही जुनी झालीय, दुसऱ्या लॅबमधून छान करून देते." तू म्हणालीस, "नगं. हिच्यातच बसवा. हिच्यात माझी फट हाय."

हे ऐकून मी तिथं पायरीवर खाली बसलो. पहिल्यांदा रडलो ते तिथं. माझ्या कवळीला तू खिळे मारून घेतले नव्हतेस, आक्का. माझी कवळी टाकावी लागू नये म्हणून स्वतःच्या हाडाला मारून घेतले होतेस. ह्याबद्दल उपकार मानायचे ते कसे मानू, तेही तू सांगून गेली नाहीस.

राख तानाजीनं रानात नारळाच्या रोपाखाली घातली. चौथा तिथंच कुठंतरी असणार. मी कवळी लॅबवर आणलीय. आज सकाळी टेबलावर उलटी ठेवून एकेक स्क्रू टोपीत घालून बघितला. आगीतून गेलेले, तरी बसले. टक्, टक्, टक्. तिन्ही घट्ट. उलटी धरून हलवली तरी पडेनात. चौथी टोपी रिकामी.

तेवढ्यात एक कवळी परत आली, दुसऱ्या डॉक्टरकडून. चिठ्ठीवर नेहमीचंच. लॅबमधल्या पोरीनं विचारलं, "सर, पेशंटला सवय नाही, असंच सांगू ना?" मी तिच्या हातातली चिठ्ठी घेऊन खिशात ठेवली. ती थांबून थांबून गेली.

उत्तरकार्याला चार दिवस आहेत. गल्ली येईल, साखरपुड्याची ती सगळी पंगत येईल, डॉक्टरीणबाईंनाही मी स्वतः बोलावलंय. पान मी वाढणार आहे, कणीस मी भाजणार आहे, आणि या वेळी फाटकाबाहेर जाणार नाही. सगळ्यांच्या देखत एकच वाक्य बोलायचंय. बत्तीस वर्षांत ते तोंडातून निघालेलं नाही, तिथं ऐन वेळी अडकायला नको, म्हणून आधी तुझ्यापुढं म्हणून बघतो.

कवळी सैल होती, आक्का. मी केलेली कवळी सैल होती. आता खा. मी समोर बसलोय.